पहिल्या रांगेची टिंगल एवढी स्वस्त का झाली?

स्टँड-अपच्या शोला गेल्यावर तुम्ही पहिल्या रांगेत बसता का? खरं सांगा. बहुतेक जण तिसरी-चौथी रांग गाठतात आणि पुढे बसायला ग्रुपमधल्या एखाद्या बकऱ्याला पाठवतात. कारण दहा मिनिटांत काय होणार, हे सगळ्यांना माहीत असतं. स्टेजवरून प्रश्न येणार, 'नाव काय? करतोस काय? शेजारी कोण, बहीण की...?' आणि अख्खा हॉल मान वळवून तुमच्याकडे बघणार.

या प्रकाराला 'क्राउड वर्क' म्हणतात. कॉमेडियन आपले किस्से सांगतो, मधेच तुम्हाला काहीतरी विचारतो, तुम्हीही त्याला विचारता आणि त्या देवाणघेवाणीतून विनोद जमतो. सध्या इन्स्टा उघडलं की अशाच रील्सचा पाऊस असतो. यामागचं गणित सोपं आहे. तयार सेट घासूनपुसून उभा करायला महिनोन्‌महिने जातात. तो एकदा यूट्यूबवर टाकला की संपला, कारण पंच आधीच माहीत असेल तर तिकीट कोण काढणार? प्रेक्षकाशी झालेली जुगलबंदी मात्र त्या रात्रीपुरतीच असते. ती टाकली तरी सेट शाबूत राहतो आणि पुढच्या शोची फुकट जाहिरात होते.

पण एवढंच कारण आहे का? मला वाटतं, दुसरंही एक आहे आणि ते हसण्यासारखं नाही. पहिल्या रांगेतल्या माणसाकडे कार्यकर्ते नसतात.

आधी स्वतःची फजिती

किस्से सांगून हॉल हसवणं आपल्याकडे नवीन नाही. पु. ल. देशपांडे यांनी १९६१ मध्ये 'बटाट्याची चाळ' एकट्यानं रंगमंचावर उभी केली. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर हे तिघं गावोगावी जाऊन कथाकथन करायचे आणि लोक तिकीट काढून गोष्टी ऐकायचे. पुढे २०१६ मध्ये 'भाडिपा' यूट्यूबवर आलं, ते 'कास्टिंग काउच विथ अमेय अँड निपुण' घेऊन. त्यात अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी मुलाखत घ्यायला बसायचे आणि बऱ्याचदा पाहुण्यापेक्षा त्यांचीच जास्त वाट लागायची.

कट्ट्यावरचा नियमही असाच असतो. तो कुणी लिहून ठेवलेला नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे. आधी स्वतःची फजिती सांगायची, मग दुसऱ्याची खेचायची. जो स्वतःवर हसत नाही, त्यानं आपली खेचली की लगेच खटकतं. चांगला कॉमेडियन स्टेजवर नेमकं हेच करतो. आधी स्वतःचा ब्रेकअप, स्वतःची बॅकलॉग, स्वतःच्या वडिलांचे टोमणे. मग तुमच्याकडे वळतो, तेव्हा तुम्हीही मोकळे झालेले असता.

२०२५ चे दोन महिने

आता आपल्याच राज्यात २०२५ च्या सुरुवातीला काय घडलं, ते क्रमानं बघा.

२ फेब्रुवारीला सोलापुरात प्रणित मोरेचा शो झाला. तो संपल्यावर चाहते म्हणून आलेल्या दहा-बारा जणांनी त्याला मारहाण केली, असं त्याच्या टीमनं जाहीर केलं. कारण काय, तर अभिनेता वीर पहारियावर केलेला विनोद. आपला याच्याशी काही संबंध नाही, असं सांगत पहारियानं घटनेबद्दल माफी मागितली.

त्यानंतर आठवडाभरात 'इंडियाज गॉट लेटेंट'चा वाद पेटला. रणवीर अलाहाबादियानं स्पर्धकाला विचारलेल्या एका प्रश्नावरून गुन्हे दाखल झाले आणि समय रैनानं सगळे भाग काढून टाकले. त्याच आठवड्यात भाडिपानंही आपल्या 'अतिशय निर्लज्ज कांदे पोहे'चा येणारा भाग पुढे ढकलला.

२३ मार्चला खारच्या 'हॅबिटॅट'मध्ये तोडफोड झाली. कुणाल कामरानं तिथे चित्रित केलेल्या शोमधलं विडंबन गीत उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावर आहे, म्हणून शिवसेनेचे कार्यकर्ते चिडले होते. लक्षात घ्या, तोडफोड झाली तेव्हा कामरा तिथे नव्हताच. दुसऱ्या दिवशी हॅबिटॅटनं जागा बंद ठेवत असल्याचं जाहीर केलं. पुढे त्या शोला बसलेल्या एका प्रेक्षकाला पोलिसांच्या नोटिशीमुळे सुट्टी अर्धवट सोडावी लागल्याची बातमी आली. कामरानं त्या प्रेक्षकाची जाहीर माफी मागितली आणि पुढच्या सुट्टीचा खर्च करायची तयारी दाखवली.

म्हणजे विनोद एकाचा, खुर्च्या मोडल्या दुसऱ्याच्या आणि सुट्टी गेली तिसऱ्याची.

लिहिलेलं काहीच नसतं

नाटकाची गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडे नाटकाची संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. ही पद्धत असावी की नसावी, हा वाद जुना आहे. विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'ला १९७२ मध्ये अशीच कात्री लागली आणि कमलाकर सारंग यांना कोर्टात लढावं लागलं. पण तिथे निदान वाद घालायला कागद होता. कुठलं वाक्य ठेवायचं, कुठलं नाही, यावर दोन्ही बाजू बोलू शकत होत्या.

प्रश्नोत्तरांत कागदच नाही. तुम्ही काय विचारणार हे कॉमेडियनला माहीत नसतं आणि तो काय उत्तर देणार हे त्यालाही माहीत नसतं. मजा त्यातच आहे. पण हॉलमधला दीड तास बाहेर जातो, तो चाळीस सेकंदांची क्लिप होऊन. आधी सांगितलेली स्वतःची फजिती, तुमच्या चेहऱ्यावरचं हसू, मधली थट्टा, सगळं गळून जातं. उरतं फक्त एक वाक्य. आणि निवाडा त्या वाक्यावरच होतो.

याचा अर्थ विनोदाला सगळं माफ असतं, असा अजिबात नाही. २५ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं समय रैनासह काही कॉमेडियन्सना दिव्यांग व्यक्तींवर केलेल्या विनोदांबद्दल जाहीर माफी मागायला सांगितलं. एका आजाराच्या रुग्णांसाठी काम करणारी संस्था त्यासाठी कोर्टात गेली होती. आता या प्रकरणाची हॅबिटॅटशी तुलना करा. दोन्हीकडे लोक दुखावले गेले होते. एकीकडे ज्यांच्या हातात माइक नव्हता त्यांनी कोर्टात जाऊन आपलं म्हणणं मांडलं. दुसरीकडे ज्यांच्याकडे सत्ता, व्यासपीठ, कॅमेरे सगळं होतं, त्यांच्या लोकांनी खुर्च्या मोडल्या.

आपल्या नाशिकचं काय?

'हे सगळं मुंबईत, आपल्याला काय?' असं म्हणू नका. मार्च २०२५ च्या अखेरीस कामराविरोधात खार पोलिस ठाण्यात आणखी तीन गुन्हे नोंदले गेले. त्यातले दोन तक्रारदार नाशिकचे होते, एक हॉटेल व्यावसायिक आणि दुसरे व्यापारी. तक्रार करणं हा त्यांचा हक्कच आहे. तोडफोडीपेक्षा तो मार्ग शंभर पट बरा. पण नाशिक या गोष्टीपासून लांब नाही, एवढं यातून कळतं.

आता नव्या कॉमेडियनच्या जागी उभं राहून बघा. पहिल्याच दिवशी त्याला कालिदास कलामंदिर मिळत नाही. तो सुरुवात करतो कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडच्या एखाद्या कॅफेत. तीस-चाळीस खुर्च्या, एक स्पीकर, मागे कॉफी मशीनचा खरखराट. त्या कॅफेच्या मालकानंही हॅबिटॅटचे व्हिडिओ बघितलेले असतात. चाळीस कॉफींच्या बिलासाठी तो काचेचा दरवाजा का पणाला लावेल? तो आधीच हात जोडून सांगणार, 'भाऊ, राजकारण नको, धर्म नको, कुणाचं नाव तर अजिबात नको.' त्याचंही चूक नाही.

मग उरतं काय? गर्लफ्रेंड, सासू, जाड मुलगा, इंग्रजी न येणारा मुलगा आणि पहिली रांग. वरच्यांवर बोलायची सोय राहिली नाही की विनोद खाली घसरतो. तुम्ही चिडलात तरी दगड घेऊन येणार नाही, याची स्टेजवरच्याला खात्री असते. म्हणून तुमची टिंगल स्वस्त झाली. विनोदातून कुणाला दुखवू नये म्हणून जी भीती घातली जाते, तीच शेवटी साध्या माणसाला दुखवायची मुभा देते. विचित्र आहे, पण आहे खरं.

ज्या शहरानं १९२२ पासून दर मे महिन्यात गोदाकाठी वसंत व्याख्यानमाला भरवली, तिथे न पटणारं ऐकून घेण्याची सवय नवी नाही. पटलं नाही तर घरी जाताना वाद घालायचा, चहावर पुन्हा घालायचा. तीच सवय कॅफेतल्या चाळीस खुर्च्यांपर्यंत आणायची आहे.

तुमच्या हातात काय आहे?

बरंच आहे. शोमध्ये 'शूटिंग नको' सांगितलं की फोन खिशात ठेवा. तुमची दहा सेकंदांची स्टोरी कुणाच्या तरी दीड तासाचा अर्थ बदलते. तुमच्याशी गप्पा झाल्या असतील, तर शो संपल्यावर सरळ जाऊन विचारा, 'माझा भाग रीलमध्ये टाकणार आहेस का?' नको असेल तर नको म्हणा. मासकॉममध्ये आम्हाला मुलाखतीचा पहिला धडा परवानगीचाच शिकवतात. तो स्टेजलाही लागू व्हायला हरकत नाही.

विनोद खरंच बोचला तर हसू नका. चाळीस जणांच्या खोलीतली शांतता कॉमेडियनला जेवढी ऐकू येते, तेवढी कुठलीच ट्रोलिंगची कमेंट ऐकू येत नाही. लिहा, बोला, कायद्यानं तक्रार करा. आणि पुढच्या वेळी एखादी क्लिप बघून रक्त उसळलं, तर फॉरवर्ड करण्याआधी पूर्ण व्हिडिओ बघा.

आणि हो, एकदा तरी पहिल्या रांगेत बसा. प्रश्न तुमच्याकडे आला की उत्तर द्या, मग तुम्हीही एक विचारा, 'तुझी आजवरची सगळ्यात मोठी फजिती कुठली?' ज्याच्याकडे याचं उत्तर तयार असेल, त्याच्या पुढच्या शोचं तिकीट डोळे झाकून काढा.