आधी सेनापती की आधी तटबंदी?



या वेळी विषय लांबचा आहे. थेट अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातला, आणि तोही फुटबॉलचा. आपण पायाने खेळतो तो फुटबॉल नव्हे, तर लंबगोल चेंडू छातीशी धरून पळायचा अमेरिकन फुटबॉल. उर्दू-मराठी शिकवणाऱ्या बाईला यातलं काय कळतं, असं कुणी विचारलं तर रागावणार नाही. काही वर्षांपूर्वी मलाही काही कळत नव्हतं. पण माझी आपा लग्न होऊन ह्यूस्टनला गेली आणि तिच्या घरात एक वाद जवळजवळ वीस वर्षं चालू आहे. एका बाजूला माझे दूल्हाभाई, दुसऱ्या बाजूला २००६ साली जन्मलेला माझा भाचा. व्हिडिओ कॉलवर दोघंही मला पंच करतात. "खाला, तूच सांग," असं भाचा म्हणाला की मला बाजू घ्यावीच लागते. आज ती लिहूनच टाकते.

आधी खेळातलं थोडं समजून घेऊ. तिथल्या संघात चढाईचे अकरा खेळाडू वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे. चढाईचा सूत्रधार क्वार्टरबॅक. प्रत्येक डावाला चेंडू त्याच्या हाती येतो. कुणाकडे फेकायचा, कुणाला द्यायचा की स्वतः पळायचं, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचं. त्याच्यासमोर त्याच्याच बाजूचे पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे असतात. समोरच्या संघाचा बचाव ती भिंत फोडून त्याला चेंडूसकट खाली पाडायला बघतो. फेकण्याआधीच तो पडला, तर त्याला 'सॅक' म्हणतात.

आणि ड्राफ्ट म्हणजे आपल्या आयपीएलसारखा लिलाव नव्हे. तिथे पैशांची बोली लागत नाही, पाळी लागते. गेल्या हंगामात जो संघ सर्वांत वाईट खेळला, त्याला कॉलेजमधून येणाऱ्या नव्या मुलांमधून पहिली निवड मिळते. म्हणजे शेवटच्या बाकावरच्याने सगळ्यांत आधी निवडायचं. शिक्षिका म्हणून मला ही पद्धत फार आवडते. पण त्यातच पेच आहे: सगळ्यात कमजोर संघाने आधी काय घ्यावं, सेनापती की तटबंदी? क्वार्टरबॅक की बचावपटू?

ह्यूस्टन टेक्सन्स हा संघ २००२ साली मैदानात उतरला. पहिल्याच ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर त्यांनी डेव्हिड कार हा क्वार्टरबॅक घेतला. नवा संघ, नवा सेनापती, सगळं शहर खूश. पण त्याच्यापुढची भिंत कच्ची होती. त्या एका हंगामात कार ७६ वेळा सॅक झाला. सामने फक्त सोळा. हा नकोसा विक्रम त्याच्या नावावर लागला. २००५ मध्ये पुन्हा ६८ वेळा. त्या वर्षी संघाने सोळापैकी दोनच सामने जिंकले आणि त्यामुळे २००६ च्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड पुन्हा ह्यूस्टनकडे आली.

इथून आमच्या घरचा वाद सुरू होतो.

त्या जानेवारीत टेक्सास विद्यापीठाच्या विन्स यंगने रोझ बोलच्या अंतिम सामन्यात एकट्याच्या जोरावर दक्षिण कॅलिफोर्नियाला ४१-३८ असं हरवलं होतं. पोरगा ह्यूस्टनचाच, तिथल्याच शाळेत शिकलेला. दुसरा उमेदवार रेजी बुश, धावण्यात विजेसारखा. शहराला या दोघांपैकी एक हवा होता. संघाने घेतला मारियो विल्यम्स, नॉर्थ कॅरोलिना राज्यातला एक बचावपटू. सगळं शहर संतापलं. दूल्हाभाई तर सांगतात की त्या रात्री ते जेवले नाहीत. आपा म्हणते जेवले, फक्त बोलले नाहीत.

पुढे जखमेवर मीठ पडलं. यंगला टेनेसी टायटन्सने घेतलं. हा संघ म्हणजे पूर्वी ह्यूस्टनचाच ऑइलर्स, नव्वदच्या दशकात शहर सोडून गेलेला. १० डिसेंबर २००६ रोजी तो ह्यूस्टनमध्ये खेळायला आला आणि जादा वेळेत ३९ यार्ड पळत जाऊन त्याने सामना संपवला. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवा आक्रमक खेळाडूही तोच ठरला. मारियोच्या खात्यावर त्या हंगामात जेमतेम साडेचार सॅक.

एवढं सगळं माहीत असूनही मी भाच्याच्या बाजूने आहे. २००६ ची निवड बरोबर होती.

त्याचं कारण डेव्हिड कारच आहे. ज्या घराची भिंत पडकी आहे, तिथे नवा माणूस आणून बसवला म्हणून भिंत उभी राहत नाही. दूल्हाभाई म्हणतात, "विन्सला भिंतीची गरज नव्हती, तो पळाला असता." मुद्दा कच्चा नाही. टेनेसीमध्ये तो ज्या सामन्यांत सुरुवातीपासून खेळला, त्यातले ३० त्याच्या संघाने जिंकले आणि १७ हरले. हे आकडे मी लपवणार नाही. पण टेनेसीत तो आला तो प्रशिक्षक आणि व्यवस्था रुळलेल्या घरात. ह्यूस्टनमध्ये त्याच्यावर घरच्या शहराचं सगळं ओझं असतं आणि समोर कारचीच पडकी भिंत. दुसरं असं की ह्यूस्टनच्या गटात इंडियानापोलिस होतं. पेटन मॅनिंगसारखा क्वार्टरबॅक वर्षातून दोनदा समोर येणार, तर त्याला धावपळीत पाडणारा कुणीतरी हवाच होता. मारियोने दुसऱ्या वर्षी १४ आणि तिसऱ्या वर्षी १२ सॅक केले. रोपट्याला पहिल्याच पावसात फळ का नाही आलं म्हणून उपटायचं नसतं. शाळेत आम्ही हीच चूक पहिल्या घटक चाचणीनंतर करतो.

पण भाच्याचंही सगळं खरं नाही. तो म्हणतो, "बचाव आधी, कायम." इथे मी त्याला थांबवते.

२०११ मध्ये ह्यूस्टनने अकराव्या क्रमांकावर जे. जे. वॉट हा बचावपटू घेतला. चाहत्यांनी हुर्यो उडवली. हाच वॉट पुढे तीनदा देशातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. त्याच हंगामात संघ पहिल्यांदा बाद फेरीत पोहोचला. क्वार्टरबॅक जखमी होत गेले आणि शेवटी टी. जे. येट्स हा पाचव्या फेरीतला नवखा मुलगा खेळत होता. तरीही सिनसिनाटीला ३१-१० असं हरवलं, कारण वॉटने समोरच्याचा फेकलेला चेंडू झेलून थेट गोल रेषेपार नेला. भाचा इथे टाळ्या वाजवतो. पण पुढच्याच आठवड्यात बाल्टिमोरविरुद्ध येट्सने तीनदा चेंडू शत्रूच्या हाती दिला आणि हंगाम संपला. बचावाने घर राखलं. ते पुढे चालवणारा कुणी नव्हता.

२०१४ मध्ये पुन्हा पहिली निवड, पुन्हा बचावपटू: जेडेव्हियन क्लाउनी. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला. दुसऱ्या फेरीतही ह्यूस्टनने क्वार्टरबॅक घेतला नाही आणि तीनच निवडींनंतर ओकलंडने घेतला डेरेक कार, त्याच डेव्हिडचा धाकटा भाऊ. तो तिथे वर्षानुवर्षं खेळला. ह्यूस्टनमध्ये मात्र क्वार्टरबॅक भाडेकरूसारखे येत-जात राहिले. २०१६ मध्ये तर यार्डांच्या हिशोबाने त्यांचा बचाव सगळ्या लीगमध्ये पहिला होता, आणि क्वार्टरबॅक होता मोठ्या कराराने आणलेला ब्रॉक ऑस्वायलर. वर्षभरात त्याला दुसऱ्या संघाच्या गळ्यात घालण्यासाठी ह्यूस्टनला स्वतःची दुसऱ्या फेरीतली एक निवड वर द्यावी लागली.

मग माझं म्हणणं काय? 'सेनापती की तटबंदी' हा प्रश्नच आपण अर्धवट विचारतो. जो येईल, त्याच्या आजूबाजूला काय आहे, हा खरा प्रश्न. ते न बघता घेतलेला क्वार्टरबॅक बळीचा बकरा होतो आणि ते न बघता घेतलेला बचावपटू नुसता पहारेकरी उरतो.

याचं उत्तम उत्तर ह्यूस्टननेच दिलं, २०२३ मध्ये. त्याआधीच्या हंगामात त्यांनी तीनच सामने जिंकले होते. त्यातला शेवटचा विजय तर शेवटच्या दिवशी, ३२-३१ असा निसटता. त्या विजयामुळे हातातली पहिली निवड गेली आणि दुसरी आली. लोकांनी कपाळावर हात मारला. पण २७ एप्रिल २०२३ च्या रात्री दुसऱ्या क्रमांकावर त्यांनी सी. जे. स्ट्राउड हा क्वार्टरबॅक घेतला आणि लगेच ॲरिझोनाशी सौदा करून तिसऱ्या क्रमांकावर विल अँडरसन हा बचावपटू. किंमत मोठी होती. पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली निवडही द्यावी लागली. संघाचा नवा प्रशिक्षक होता डेमेको रायन्स. हा रायन्स कोण? २००६ मध्ये मारियो विल्यम्सनंतर दुसऱ्या फेरीत ह्यूस्टनने घेतलेला बचावपटू! ज्या ड्राफ्टवर शहराने थुंकलं, त्याच ड्राफ्टमधून सतरा वर्षांनी घर सावरणारा माणूस आला. त्या हंगामात संघ दहा सामने जिंकून गटात पहिला आला आणि स्ट्राउड व अँडरसन दोघंही आपापल्या बाजूचे सर्वोत्तम नवे खेळाडू ठरले.

दूल्हाभाई आणि भाचा त्या वर्षी एकाच सोफ्यावर बसून ओरडत होते. मला वाटलं वाद मिटला.

पण त्याच वर्षी पहिल्या क्रमांकावर कॅरोलिनाने ब्राइस यंग हा क्वार्टरबॅक घेतला होता. त्याच्यासाठी त्यांनी आपला चांगला झेल घेणारा गडीही दिला आणि पुढची निवडही दिली. तो मुलगा ६२ वेळा सॅक झाला आणि संघ सतरापैकी दोन सामने जिंकला. आणि ह्यूस्टनचं तरी काय? २०२४ मध्ये भिंत ढासळली, स्ट्राउड ५२ वेळा पडला आणि पहिल्या वर्षीची त्याची चमक उतरली. मुलगा तोच, हात तोच.

हे आकडे बघताना मला झोप का लागत नाही, ते शेवटी सांगते.

काही वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यातल्या लोकांनी तालीमसाठी थोडे पैसे जमवले. प्रश्न आला: दहावीतल्या एका हुशार मुलासाठी खास शिकवणी लावायची, की पाचवीतल्या अडखळत वाचणाऱ्या मुलांसाठी एक बाई ठेवायची? बैठकीत मी त्या मुलाच्या बाजूने हात वर केला. कौमचा एक तरी मुलगा वर गेला पाहिजे, असं मीच बोलले. तो पहिला आला. आम्ही हार घातले, बॅनर लावला. मग उर्दू माध्यमातून आलेल्या त्या मुलाला आम्ही दूरच्या शहरात इंग्रजीतल्या सायन्सला पाठवलं. राहायला धड जागा नाही, शंका विचारायला कुणी नाही, आठवड्यातून एक फोन करणाराही कुणी नाही. दिवाळीच्या सुट्टीत तो आला तो परत गेलाच नाही. लोक म्हणाले, "पोरात दम नव्हता." डेव्हिड कारबद्दलही लोक हेच म्हणत होते.

दम होता. भिंत नव्हती. ती बांधायचं काम आमचं होतं, माझं होतं.

त्याला शिकवणी लावली ही माझी चूक नव्हती. हुशार मुलाला पुढे काढायलाच हवं. पाचवीच्या मुलांचं नाव घेऊन त्याला मागे ठेवणं हाही अन्यायच. चूक ही, की हार घातला त्या दिवशी आम्ही काम संपलं असं समजलो. आणि पाचवीतली ती मुलं आज दहावीत आहेत. त्यातली काही अजून अडखळतात.

यंदा पुन्हा बैठक आहे. पैसे पुन्हा थोडेच आहेत. या वेळी मी एवढंच म्हणणार आहे, की नाव कुणाचंही ठरवा. पण त्या नावापुढे कोण पाच जण उभे राहणार, त्यांचीही नावं त्याच कागदावर लिहा. पहिलं नाव माझं लिहा.

भाच्याला हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "खाला, म्हणजे तू ऑफेन्सिव्ह लाइनवाली निघालीस!" मी म्हटलं, हो बेटा. त्यांचे फोटो पेपरात येत नाहीत, पण चालेल.