झेरॉक्सची मर्यादा

अंबरनाथ एमआयडीसी परिसरातील झेरॉक्स व छपाई व्यावसायिकांनी दिल्लीचा एक खटला ध्यानी ठेवावा. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील ‘रामेश्वरी फोटोकॉपी’विरुद्ध ऑक्सफर्ड, केंब्रिज आदी प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला. प्रतिपक्ष एक छोटे दुकान! २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने १९५७ च्या कायद्यातील कलम ५२ चा आधार घेऊन अध्यापनासाठी आवश्यक तेवढ्या प्रती काढण्यास मुभा मानली. परंतु गाइड जसेच्या तसे छापून विकल्यास कलम ६३ लागते: सहा महिने ते तीन वर्षे कारावास, शिवाय ५० हजार ते २ लाख रुपये दंड. ऑर्डर क्लासची असली तरी बिलबुकावर नाव दुकानाचेच असते. पृष्ठसंख्या व प्रयोजन नमूद केलेले शाळेचे पत्र घेऊन ते बिलासोबत फाइलला लावावे.