देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी हवी

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळले. एवढ्या मुलांना पुरतील इतके बालमनोविकारतज्ज्ञ आपल्याकडे नाहीत.

असे तज्ज्ञ घडवायला मदत करणारी बालमानसोपचाराची जागतिक संघटना १९३७ साली पॅरिसमध्ये उभी राहिली. येल विद्यापीठाचे डोनाल्ड कोहेन यांच्या नावाने ती तरुण तज्ज्ञांना पाठ्यवृत्ती देते. त्या पाठ्यवृत्तीवर विकसनशील देशांतील डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ संघटनेच्या जागतिक परिषदेत येतात, ज्येष्ठांसोबत गटात बसून प्रकल्प तपासून घेतात. संघटनेचे पाठ्यपुस्तकही इंटरनेटवर मोफत मिळते.

उपक्रम उत्तमच, पण शिकवणारे तिकडचे आणि शिकणारे इकडचे, ही वाटणी आता जुनी झाली.

गोव्यातील ‘संगत’ संस्थेने परदेशी विद्यापीठांच्या साथीने शालेय मुलांसाठी समुपदेशनाची पद्धत घडवली. दिल्लीच्या सहा सरकारी शाळांत ती तपासली गेली. मानसोपचाराची पदवी नसलेले, प्रशिक्षण दिलेले तरुण समुपदेशक चित्रकथांच्या पुस्तिका घेऊन मुलांशी बोलले. अडचण नेमकी कोणती, उपाय कोणते, त्यातला कोणता करून पाहायचा, एवढाच क्रम. तीन आठवड्यांत चार-पाच बैठका. मुलांना सतावणाऱ्या अडचणींची तीव्रता त्यामुळे कमी झाली. ज्या श्रीमंत देशांत तज्ज्ञांची वाट पाहत मुले ताटकळतात, त्यांनाही यातून शिकता येईल.

म्हणून परदेशी प्रशिक्षणार्थींना आपल्या शाळांत आणि जिल्हा रुग्णालयांत आणावे. आपल्याकडून परिषदेला पाठवताना मात्र महानगरांतील प्राध्यापकांइतकीच संधी जिल्ह्यातील समुपदेशकांना, परिचारिकांना द्यावी. त्यांना पगारी रजा आणि बदली माणूसही द्यावा.