कोड: उपचार कुणासाठी?

कोड असलेली बाई सल्ला केंद्रात येते तेव्हा ती बहुधा कोडाबद्दल बोलायला आलेली नसते. नवऱ्याने माहेरी आणून सोडलेलं असतं, किंवा ‘लग्नाआधी लपवलंत’ म्हणून सासरच्या वकिलाची नोटीस आलेली असते. उपचारांचं विचारलं तर कळतं, ते केव्हाच थांबले. का? तर लग्न झालं. किंवा, आता होणार नाही असं घरच्यांनी ठरवलं. मुलीच्या कातडीवर होणारा खर्च हा लग्नाच्या खर्चातच धरलेला होता!

आपण कार्यकर्त्या अशा वेळी ‘कोड संसर्गजन्य नाही’ एवढं सांगून मोकळ्या होतो. ते खरंच आहे, पण बाईच्या हाती त्यातून फारसं काही लागत नाही.

कातडीला रंग देणाऱ्या पेशींवर शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच उलटते, त्या पेशी मरतात आणि डाग पांढरा पडतो. जगात शंभरातल्या सुमारे एकाला कोड असतं. बाया आणि पुरुष, दोघांनाही सारखंच होतं. माहेरी मात्र बाईच परत येते. निम्म्या लोकांत ते विशीच्या आत सुरू होतं, म्हणजे आपल्याकडे ‘स्थळं’ बघायला सुरुवात होते त्याच्या आगेमागे. आनुवंशिकतेचा काही भाग असतो. तरी बहुतेकांच्या घरात दुसऱ्या कुणाला कोड नसतं. ‘आईच्या घराण्यातून आलं’ हा ठपका म्हणूनच फोल आहे. प्रतिकारशक्तीचाच असा बिघाड थायरॉइडलाही गाठू शकतो, तेव्हा ती तपासणी करून घ्यायला हवी. गोऱ्या वराच्या शोधात ही रक्ततपासणी नेमकी राहून जाते.

‘कोड’ हा शब्द ‘कुष्ठ’वरूनच आला, आणि गोंधळही त्याच्याबरोबर आला. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बधिरपणा असतो, कोडाच्या डागावर स्पर्श नीट कळतो. पण ‘हा महारोग नव्हे हो’ असं ठासून सांगताना आपण औषधाने पूर्ण बऱ्या होणाऱ्या कुष्ठरुग्णाला आणखी खाली ढकलतो, हेही ध्यानात ठेवू या. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण २०१९ साली कायद्यातून काढलं गेलं. हिंदू विवाह कायद्यातल्या घटस्फोटाच्या कारणांत कोड कधीच नव्हतं. नोटिसा येतात त्या कलम १२ खाली, फसवणूक झाली म्हणून. तेव्हा लग्न ठरताना सांगावं, आणि जमल्यास लेखी सांगावं, असा माझा रोखठोक सल्ला असतो.

काही डाग आपण रोज कपाळाला चिकटवतो. टिकलीच्या चिकटद्रव्यातल्या पॅरा-टर्शरी ब्युटिल फिनॉल या रसायनाने टिकलीच्या जागी पांढरा डाग पडतो, हे आपल्याकडच्या त्वचातज्ज्ञांनी वारंवार नोंदवलंय. रबरी चपलेच्या पट्ट्याखालीही असंच होतं. शिवाय, कोड असलेल्यांत सतत घासल्या जाणाऱ्या जागी नवे डाग उठतात. परकराची नाडी घट्ट बांधू नये ती त्यासाठी. डाग दिसताच टिकली बंद करायला हवी. पण नवरा जिवंत असताना कपाळ मोकळं कसं ठेवायचं, म्हणून बायका डागावरच मोठी टिकली लावतात! टिकलीवर चळवळीत आपण इतके वाद घातले, हा मुद्दा मात्र कुणाला सुचला नाही.

आता उपचार. मलमं आहेत, आठवड्यातून दोन-तीनदा घ्यायचे अतिनील किरणांचे शेक आहेत, आणि वर्षभर डाग वाढले नसतील तर रंगपेशींचं रोपणही होतं. २०२२ साली अमेरिकेत रक्सोलिटिनिब या मलमाला मान्यता मिळाली. रंग परत आणण्यासाठी तिथे मान्य झालेलं हे पहिलंच औषध. चेहरा चांगली दाद देतो. बोटांची टोकं, ओठ फारच कमी. महिनोन् महिने लागतात आणि डाग परतूही शकतात. ‘मुळापासून खात्रीने’ बरं करण्याच्या जाहिराती १९५४ च्या कायद्याने बेकायदा आहेत, त्यात कोडाचं नाव आहे. तरी भिंती रंगतातच. बावचीचं तेल चोपडून उन्हात बसवलेल्या, फोड आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. बावचीतलं द्रव्य डॉक्टरही वापरतात, पण मात्रा मोजून. आणि पथ्याच्या नावाखाली मुलीच्या ताटातून दूध, मासे, लिंबू काढून घेतात, त्याला काहीच आधार नाही.

पुण्याच्या श्वेता असोसिएशनने, डॉ. माया तुळपुळे यांच्या पुढाकाराने, कोड असलेल्यांचे स्वमदत गट उभे केले. त्यांनी वधू-वर मेळावेही घेतले. मेळाव्यांबद्दल माझं मन दुविधेत आहे: एकटं पडलेल्यांना सोबत मिळते खरी, पण डागवाल्यांनी डागवाल्यांतच शोधावं, हे बाकीच्यांच्या किती सोयीचं!

शेक घ्यायला जाणं म्हणजे रोजगार बुडवणं, बसभाडं, मूल शेजारी ठेवणं. ते करायचं की नाही, कुठवर करायचं, हे तिला कुणी विचारत नाही. आमच्याकडे येणारी अंगणवाडीतली एक मैत्रीण दीड वर्षाने म्हणाली, “ताई, चेहऱ्याचे गेले, बोटांचे राहू देत. सोमवार-गुरुवार मला परत हवेत.” घरच्यांना अजून तिचं पटलेलं नाही.