पेशंटचं ऐकलं का, हे कोण तपासतं?

डॉक्टरीच्या परीक्षेत एक गंमत आहे. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला ती गंमत वाटते, आतल्या लोकांना सवय झालेली असते.

एमबीबीएसच्या प्रॅक्टिकलला 'लाँग केस' असते. विद्यार्थ्याला एक पेशंट देतात. त्याने पेशंटशी बोलायचं, हिस्टरी घ्यायची, तपासायचं. मग परीक्षक येतात आणि विद्यार्थी त्यांच्यासमोर सगळी केस इंग्रजीत मांडतो. परीक्षक प्रश्न विचारतात आणि मार्क देतात. पण विद्यार्थी पेशंटशी जे बोलला ते परीक्षकांनी बहुतेक वेळा ऐकलेलंच नसतं! मार्क मिळतात ते नंतरच्या इंग्रजी रिपोर्टला.

मी डॉक्टर नाही, साधा सॉफ्टवेअरवाला आहे. पण आमच्या धंद्यात असं कुणी केलं तर काय होईल? डेव्हलपरने क्लायंटशी काय बोलणं झालं ते न तपासता फक्त त्याने लिहिलेलं डॉक्युमेंट बघायचं, आणि डॉक्युमेंट छान आहे म्हणून सॉफ्टवेअर पास करायचं! (होतं असं कधीकधी. मग शनिवार-रविवारी कोण ऑफिसला येतं ते सांगायला नको.) म्हणून तर आमच्याकडे शेवटी 'युजर ॲक्सेप्टन्स टेस्टिंग' असतं. ज्याला वापरायचंय तो हो म्हणाल्याशिवाय काम पूर्ण झालं असं धरत नाहीत.

आता हे मला का सुचतंय? कारण माझं गाव कळंब. (धाराशिवकडचं नव्हे, आमचं यवतमाळ जिल्ह्यातलं, चिंतामणीच्या मंदिराचं!) आजार मोठा असला की इथला माणूस यवतमाळच्या मेडिकल कॉलेजला जातो, नाहीतर वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम किंवा सावंगीला. तिथे त्याला पहिल्यांदा भेटतो तो बहुतेक वेळा एखादा इंटर्न किंवा विद्यार्थी. तो लातूरचा असेल, मुंबईचा असेल, राजस्थानचाही असेल. आणि पेशंट म्हणतो, "पोटात कय येते, मयमय होते, डोयाले अंधारी येते." आमच्या वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो. कळ म्हणजे कय, मळमळ म्हणजे मयमय. पुण्याच्या मुलालासुद्धा दोन मिनिटं लागतात. आणि हे तर मराठीच झालं. आमच्या तालुक्याच्या आसपास बंजारा तांडे आहेत, त्यांची गोरमाटी. कोलामांचे पोड आहेत, त्यांची कोलामी. गोंडी आहे. कोलामी आणि गोंडी तर द्रविड कुळातल्या, मराठीशी नातंच नाही.

पण शब्द न कळणं ही सोपी अडचण आहे. नाही कळलं तर माणूस परत विचारतो. खरी अडचण होते ती शब्द कळल्यासारखा वाटतो तेव्हा.

उदाहरण देतो. "काही औषध घेतलं होतं का?" हा डॉक्टरचा अगदी रोजचा प्रश्न आहे. पण आमच्या कापसाच्या मुलखात 'औषध' म्हणजे आधी फवारणीचं औषध. आणि 'औषध घेतलं', 'औषध पेलं' याचा अर्थ जीव द्यायला गेला! आता विचार करा, फवारणी करून चक्कर येऊन पडलेल्या माणसाच्या बायकोला एखाद्या पोराने हा प्रश्न विचारला तर ती काय सांगेल? घाबरून "नाही नाही, तसं काही नाही" म्हणेल, कारण तिला पोलीस केस दिसायला लागते. विद्यार्थी लिहून टाकतो, औषधाचा इतिहास नाही. दोघंही खरंच बोलले, आणि तरी माहिती हरवली.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसेक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. ते बोलण्यातल्या गोंधळामुळे झालं असं मी अजिबात म्हणत नाही. त्याची कारणं वेगळी होती आणि त्यावर भरपूर लिहूनही झालंय. पण अशा वेळी हिस्टरी घ्यायची कशी, हे कौशल्य केवढं मोठं आहे बघा. फवारणारा पुष्कळदा मजूर असतो. औषध मालकाने आणलेलं, दोन-तीन औषधं एकत्र केलेली. नाव विचारलं तर त्याला सांगता येत नाही. पण "डबा कोणत्या रंगाचा होता? घरी आहे का? वारं कोणीकडून होतं? अंगावर सांडलं का? अंघोळ कधी केली?" असं विचारलं तर तो सगळं सांगतो. ऑर्गनोफॉस्फेट गटाच्या विषात डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, लाळ आणि घाम सुटतो, हे पुस्तकात आहे आणि परीक्षेत विचारतातही. डब्याच्या रंगाबद्दल विचारायचं, हे कुठल्या परीक्षेत येतं?

दुसरं उदाहरण आपल्याच विदर्भातलं, गडचिरोलीचं. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, आणि त्याआधी तशी तपासणी फक्त ८ टक्के बायकांची झाली होती. म्हणजे आजार घरोघर होता, पण दवाखान्याच्या कागदावर नव्हता. 'पांढरं जाते' हे बाई कोणाजवळ बोलेल, कधी बोलेल, सासू शेजारी उभी असताना बोलेल का, हे ओळखणं क्लिनिकल स्किल नाही तर काय आहे?

बरं, जगात यावर कुणी विचारच केला नाही असं नाही. १९६३ मध्ये अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज या न्यूरॉलॉजिस्टने निरोगी माणसाला पेशंटची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांसमोर बसवायला सुरुवात केली. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डनने 'ऑस्की' ही पद्धत मांडली. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं, प्रत्येक ठिकाणी ठरलेलं काम, ठरलेली वेळ, आणि परीक्षक समोर बसून बघणार. आता आपल्याकडेही ऑस्की घेतात. चांगलीच गोष्ट आहे.

पण ऑस्कीची चेकलिस्ट जशीच्या तशी उचलली की काय होतं? ब्रिटनमध्ये शिकवतात, पेशंटला विचारा, "तुम्हाला काय झालं असावं असं तुम्हाला वाटतं?" प्रश्न उत्तम आहे. आमच्या कळंबच्या म्हाताऱ्याला विचारून बघा. "मलेच मालूम असतं त तुमच्यापाशी कायले आलो असतो बापू?" :-) चेकलिस्टवर टिक झाली, पेशंटचा विश्वास मात्र गेला. तोच प्रश्न "गावात लोक काय म्हणतात? आधी कोणाले दाखवलं?" असा विचारला की भगतापासून मेडिकलवाल्यापर्यंत सगळी कहाणी बाहेर येते. हेतू तोच, पण रस्ता आपल्या मातीतला.

ब्रिटनमध्ये याची दुसरी बाजूही दिसली. तिथे जीपी व्हायला सीएसए नावाची परीक्षा होती. त्यात नट-नट्या पेशंट व्हायच्या. २०१३ मध्ये 'बीएमजे'त अभ्यास आला की ब्रिटनमध्येच शिकलेले पण गोरे नसलेले डॉक्टर पहिल्या प्रयत्नात गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त नापास होतात. भारतीय वंशाच्या डॉक्टरांची संघटना कोर्टात गेली. २०१४ मध्ये कोर्टाने परीक्षा कायदेशीर ठरवली, पण कॉलेजने हा फरक दूर करायला काहीतरी करायला हवं असंही सुनावलं. यातून घ्यायचा धडा साधा आहे. 'वागणूक' मोजायला गेलं की मोजणाऱ्याची संस्कृतीही त्यात शिरते.

आता मजा बघा. अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या मुलांना २००४ पासून 'स्टेप टू सीएस' द्यावी लागायची. बारा नकली पेशंट, प्रत्येकी पंधरा मिनिटं, आणि बोललेलं इंग्रजी कळलं का याचे मार्क ते पेशंटच द्यायचे. (ती परीक्षा २०२१ मध्ये कायमची बंद झाली.) जर्मनीला जायचं तर वैद्यकीय जर्मनची परीक्षा आहे. वीस मिनिटं पेशंटशी बोला, वीस मिनिटं लिहा, वीस मिनिटं दुसऱ्या डॉक्टरला समजावून सांगा. आपली मुलं यासाठी क्लास लावतात, आरशासमोर प्रॅक्टिस करतात. म्हणजे शिकागोच्या आणि म्युनिकच्या पेशंटचं बोलणं कळलं पाहिजे हे आपल्याला मान्य आहे. कळंबच्या पेशंटचं मात्र आपोआप कळेल असं धरून चालायचं!

अभ्यासक्रमात काहीच नाही असंही नाही. २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेची सोय आहे. विद्यार्थ्यांनी गावातली कुटुंबं दत्तक घेण्याचा कार्यक्रम आहे. सेवाग्रामला तर प्रत्येक बॅचने एक गाव दत्तक घ्यायची जुनी परंपरा आहे. पण आपण इंजिनियर असो की डॉक्टर, भारतीय विद्यार्थी एकच गोष्ट गंभीरपणे घेतो, ती म्हणजे ज्याला मार्क आहेत ती.

म्हणून माझं म्हणणं असं. प्रत्येक मेडिकल कॉलेजने ऑस्कीत निदान दोन स्टेशन आपल्या जिल्ह्याची ठेवावीत. एकात पेशंट वऱ्हाडी बोलणारा. गावातल्या बाया, आशाताई, निवृत्त मास्तर यांना शिकवून तयार करता येईल, मानधन द्यावं. दुसऱ्यात पेशंट कोलामी किंवा गोरमाटी बोलणारा, सोबत दुभाषी. विद्यार्थ्याला कोलामी आली पाहिजे असं नाही. दुभाष्याकडे न बघता पेशंटकडे बघून बोलतो का, छोटी वाक्यं बोलतो का, गोळी कशी घ्यायची हे शेवटी पेशंटकडूनच परत वदवून घेतो का, हे बघायचं. आणि अर्धे मार्क त्या 'पेशंट'च्या हातात.

"मग बाहेरून आलेल्या मुलांवर अन्याय नाही का?" सरकारी कॉलेजात १५ टक्के जागा ऑल इंडिया कोट्याच्या असतात, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. पण दोन गोष्टी. एक, याचे मार्क रँकसाठी धरूच नयेत. पास किंवा 'पुन्हा या', बस. आणि उच्चार, लहेजा मोजायचा नाही. पेशंटची माहिती डॉक्टरपर्यंत पोचली का आणि डॉक्टरची सूचना पेशंटपर्यंत पोचली का, एवढंच मोजायचं. ब्रिटनसारखा घोळ टाळायचा तर हे पथ्य पाळावंच लागेल. दुसरी गोष्ट, इथलीच मुलं सहज पास होतील असं समजू नका! आमच्याकडची कितीतरी मुलं शहरात शिकून आली की वऱ्हाडी बोलायला लाजतात आणि आजीशीही पुस्तकी मराठीत बोलतात. राजस्थानचा मुलगा "माय, समजलं नाही, पुन्हा सांग" म्हणाला तर तो पुढे जाईल.

वेळ जाईल, खर्च होईल, दीडशे-दोनशेच्या बॅचला परीक्षक कुठून आणायचे, हे सगळं खरं आहे. पण चांगली इंग्रजी केस मांडणारा डॉक्टर आपण आताही तयार करतोच. त्या केसमध्ये लिहिलेलं पेशंटने खरंच सांगितलं होतं का, हे विचारायचा अधिकार ज्याचं पोट दुखतंय त्याला आहे. परीक्षेच्या खोलीत त्याला नुसतं खाटेवर झोपवून चालणार नाही. एक मार्कशीट त्याच्याही हातात द्यायला हवी.