रिपोर्ट कपाटात, डबा तसाच



मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या रक्ताच्या सत्तरएक तपासण्या करून घेतल्या. सत्तर तपासण्या करून काय शोधायचं होतं, असं कोणी तेव्हा विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं. मोबाईलवर जाहिरात आली, सवलत होती, आम्ही तीन शिक्षिकांनी मिळून नावं नोंदवली. सकाळी घरी येऊन रक्त घेऊन गेले, संध्याकाळी सोळा पानांचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर हजर. त्यात चार आकडे लाल रंगात. मग काय, व्हिटॅमिन डीची पावडर आणली, प्रोटीनचा डबा आणला, यूट्यूबवर बघून सकाळचा चहा सोडला आणि आठ दिवसांनी परत सुरू केला. रिपोर्ट आता कपाटात आहे.

त्याच कपाटात, खालच्या खणात, शाळेची आरोग्य तपासणीची वही होती. सुट्टीनंतर माहिती ऑनलाइन भरायची म्हणून ती काढली. सहज दोन वर्षांच्या नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्या. सातवीतल्या एका मुलीचं हिमोग्लोबिन सहावीत असताना ९.४ होतं, यंदा ८.८. दोन्ही पानांवर खाली माझी सही. १२ ते १४ वर्षांच्या मुलांचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय, आणि ८ च्या खाली गेलं की तो तीव्र, हे मला पाठ होतं. प्रशिक्षणात शिकवलेलं. तरी वर्षभर ती मुलगी माझ्यासमोर दुसऱ्या बाकावर बसून डुलक्या घेत होती आणि मी तिला "रात्री मोबाईल बघत असशील" म्हणून बोलत होते.

आरोग्य तपासणीवर मला लिहायचं होतं ते या दोन कागदांमुळे. एका कागदावर सत्तर आकडे आणि प्रश्न एकही नाही. दुसऱ्यावर एकच आकडा, पण त्याने विचारलेला प्रश्न कोणी ऐकलाच नाही.

आधी सत्तर आकड्यांचं बघू, कारण तो गणिताचा तास आहे. रिपोर्टमध्ये बाजूला 'नॉर्मल रेंज' छापलेली असते. बऱ्याच तपासण्यांमध्ये ती अशी ठरते: निरोगी माणसांचा मोठा गट घ्यायचा, सगळ्यांची तपासणी करायची आणि मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे जिथे येतात ती मर्यादा धरायची. (साखर, कोलेस्टेरॉल यांच्या मर्यादा वेगळ्या रीतीने ठरतात, ते सोडा.) म्हणजे दोन्ही टोकांचे मिळून ५ टक्के निरोगी लोक निव्वळ व्याख्येमुळे रेंजच्या बाहेर. आता आठवी-नववीच्या मुलांना विचारा: एका तपासणीत आकडा रेंजमध्ये येण्याची शक्यता ०.९५ असेल, तर एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या सगळ्या रेंजमध्ये येण्याची शक्यता किती? ०.९५ चा २० वा घात, म्हणजे साधारण ०.३६. ठणठणीत माणसाचा निदान एक तरी आकडा लाल येण्याची शक्यता ६४ टक्के! ७० तपासण्यांत सरासरी साडेतीन आकडे लाल. माझे चार होते.

हे कळल्यावर मला आधी हसू आलं, मग पावडरचे पैसे आठवले. व्हिटॅमिन डीची साठ हजार युनिटची पुडी गोळ्या-बिस्किटांसारखी महिनोन्‌महिने घेणारे लोक आपल्या आसपास आहेत. जास्त झालेलं हे जीवनसत्त्व लघवीतून निघून जात नाही. ते शरीरात साठतं आणि रक्तातलं कॅल्शियम वाढवतं.

पण म्हणून तपासणीच नको, "आमच्या आजीने कुठे तपासलं होतं" असं म्हणणाऱ्यांच्याही बाजूची मी नाही. आजीची बाळंतपणं किती झाली आणि त्यातली किती मुलं जगली, तेही मग सांगा. ताटाकडे बघून जे दिसत नाही ते रक्तात दिसतं, याचं उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. या बायका भाजी-भाकरी खाणाऱ्या, शेतात राबणाऱ्या. हिरव्या भाज्यांतून मिळणारं फोलेट बहुतेकींच्या रक्तात व्यवस्थित होतं. पण निम्म्याहून जास्त जणींमध्ये बी-१२ कमी निघालं. २००८ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की ज्या आयांचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याचं, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेणारं, लक्षण जास्त दिसलं. हे कोणत्याही अनुभवी सासूला नुसतं सुनेच्या ताटाकडे बघून कळलं नसतं.

इथे एक मुद्दा शिक्षकांनी नीट समजून घ्यावा. 'रक्त कमी आहे' हे एका आजाराचं नाव नाही. देशभरातल्या मुलांचं २०१६ ते २०१८ मध्ये मोठं पोषण सर्वेक्षण झालं. त्यात १० ते १९ वयाच्या मुलींपैकी ४० टक्के मुलींना रक्तक्षय होता. पण लोहाची कमतरता साधारण ३१ टक्के मुलींमध्येच निघाली, आणि याच वयाच्या मुलामुलींपैकी ३१ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी होतं. म्हणजे काही मुलींना लोहाची गोळी पुरेल, काहींना नाही. आपण विदर्भातले, आपल्याकडे सिकलसेलही आहे. सिकलसेलच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन कमी असतं ते तांबड्या पेशी लवकर फुटतात म्हणून. तिथे लोह आहे की नाही हे न बघता गोळ्यांचा मारा करायचा नसतो. साधी सीबीसी केली तरी पुष्कळ उलगडा होतो. लोह कमी असेल तर तांबड्या पेशी आकाराने लहान दिसतात, बी-१२ कमी असेल तर मोठ्या. सिकलसेलसाठी आधी सोल्युबिलिटी टेस्ट, ती पॉझिटिव्ह आली तर पुढची पक्की तपासणी. एवढ्या दोन-तीन तपासण्या, आणि त्याही सरकारी दवाखान्यात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत, हे कितीतरी पालकांना अजून माहीत नाही. ते सवलतीचं पॅकेज शोधत बसतात.

आता त्या मुलीकडे येते. दुसऱ्या दिवशी तिच्या आईला शाळेत बोलावलं. सोयाबीन काढून झालेलं, हरभऱ्याच्या पेरणीची घाई, तरी बिचारी आली. मी निळ्या गोळीचं विचारलं. दर आठवड्याला १० ते १९ वयाच्या मुलांना आपण देतो ती, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची. आई म्हणाली, "मॅडम, थे गोळी घेतली का पोरीले मळमळते, मून मीच म्हटलं राहू दे." गोळी मुलगी माझ्यासमोर तोंडात टाकायची आणि हात धुवायच्या नळाजवळ जाऊन थुंकायची. माझ्या नोंदवहीत मात्र प्रत्येक आठवड्याला बरोबरची खूण.

यात त्या माउलीचा काय दोष? गोळी उपाशीपोटी घेतली तर मळमळतं, खिचडी खाल्ल्यावरच द्यायची, संडासला काळं झालं तर घाबरायचं नाही, हे तिला सांगायचं काम आमचं होतं. आम्ही गोळ्या वाटल्या आणि खुणा केल्या.

मुलीला दवाखान्यात नेलं. तिथे बोटातून नाही, शिरेतून रक्त घेतलं. हेही महत्त्वाचं आहे बरं का. बोट दाबून दाबून काढलेल्या थेंबात ऊतींमधलं पाणी मिसळतं आणि आकडा चुकू शकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१९-२१ पर्यंत हिमोग्लोबिन बोटाच्या थेंबावर मोजलं जायचं. २०१९-२१ च्या त्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या ५७ टक्के मुलींना रक्तक्षय दाखवला आहे. वर सांगितलेल्या ४० टक्क्यांच्या सर्वेक्षणात रक्त शिरेतून घेतलं होतं. वयोगट वेगळा, वर्षं वेगळी, एक आकडा राज्याचा आणि एक देशाचा हे खरं, पण पद्धतीमुळेही फरक पडतो असं तज्ज्ञ म्हणतात. म्हणून शाळेतल्या बोटाच्या तपासणीवर मुलीला शिक्का मारू नका. ती इशारा समजा आणि पुढे पाठवा.

तिचं शिरेतलं हिमोग्लोबिन ९.१ आलं, पेशी लहान, सिकलसेल निगेटिव्ह. मग डॉक्टर मॅडमनी तिला बाजूला घेऊन एक प्रश्न विचारला, जो आम्ही कोणीच विचारला नव्हता. पाळी किती दिवस जाते? आठ-नऊ दिवस. वर्षभरापासून. आणि सकाळी काय खातेस? चहा आणि टोस्ट. शाळा साडेदहाची, खिचडी दीड वाजता.

सत्तर काय, सातशे तपासण्या केल्या असत्या तरी त्या रिपोर्टमध्ये ही दोन उत्तरं छापून आली नसती.

उपाय फार मोठे नव्हते. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या गोळ्या रोज, जेवणानंतर. पाळीसाठी औषध. घरी बदल तीनच सांगितले, कारण दहा सांगितले की एकही होत नाही. जेवणाआधी-नंतर तासभर चहा बंद, कारण चहामुळे अन्नातलं लोह शोषलं जात नाही. वरणावर किंवा भाजीवर लिंबू पिळायचं, लिंबातल्या सी जीवनसत्त्वाने ते जास्त शोषलं जातं. आणि शाळेत येताना चहा-टोस्टऐवजी रात्रीची उरलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. पालक-पालक सगळे करतात, पण पालकातलं लोह शरीराला फार थोडं मिळतं. आपल्याकडची चवळी, तांदूळजा, शेवग्याचा पाला स्वस्तही आहे आणि दारातही आहे. घर माळकरी आहे, अंडं-मटण चालत नाही. मग निदान दूध सगळं डेअरीला घालून घरात फक्त चहापुरतं ठेवू नका, वाटीभर दही-ताक मुलीच्या वाट्याला येऊ द्या. शाकाहारी घरात बी-१२ चा आधार तेवढाच.

महिन्याने परत तपासलं. नीट गोळ्या घेऊनही महिनाभरात एक ग्रॅमसुद्धा वाढलं नाही, तर कारण दुसरं आहे असं समजून पुढे पाठवायचं असतं. तिचं १०.३ झालं होतं. तीन महिन्यांनी ११.८. अजून बारा नाही. पण आता ती तासाला झोपत नाही, उलट मागच्या बाकावरच्या मुलींशी बोलते म्हणून ओरडा खाते.

माझं मत म्हणून विचाराल तर शाळेने तीन गोष्टी कराव्यात. हिमोग्लोबिन कमी असलेल्या प्रत्येक मुलाचा दुसरा आकडा, तीन महिन्यांच्या आत, पहिल्याच्या शेजारी लिहिलेला असावा. तो रकाना वहीत नसेल तर पट्टीने आखून घ्यावा. दुसरं, आकडे वर्गात मोठ्याने वाचू नयेत. नाव घेऊन आकडे वाचल्यावर मुलं एखादीला "बिनरक्ताची" म्हणून चिडवतात, हे मी ऐकलं आहे. आणि तिसरं, आकडा पालकांना कळवताना सोबत एक प्रश्न विचारावा: घरी सकाळी काय खाते? आमच्यावर आधीच कमी कामं आहेत का, असं काही सहकारी म्हणतील. बरोबर आहे. मतदार याद्यांपासून सगळं आपणच करतो. पण हे काम आपण आत्ताही करतोच आहोत, वही भरतोच आहोत, फक्त अर्धं करून सोडतो. वाशिम २०१८ पासून देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. तिथे आरोग्य-पोषणाला आणि शिक्षणाला सारखंच वजन, ३०-३० टक्के. आपल्या वर्गात तर ती दोन खाती वेगळी नसतातच. उपाशी मूल आणि न वाचता येणारं मूल बऱ्याचदा एकच असतं.

पालकांनाही एक सांगते. मुलांच्या परीक्षेआधी "मेमरी वाढवणारं" चूर्ण आणि सोबत मोठं पॅकेज विकणारे लोक गावोगावी फिरतात. त्यांना एवढंच विचारा: या तपासणीत आकडा कमी आला तर आम्ही काय वेगळं करायचं, आणि जास्त आला तर काय? उत्तर एकच पावडर असेल, तर ती तपासणी कोणासाठी आहे ते तुम्हीच ओळखा.

तिसऱ्या तपासणीच्या वेळी आई सोबत होती. सिस्टर म्हणाल्या, ताई, तुमचंही बघू या का? ती नको नको म्हणत होती. "माह्यं राहू द्या जी, पोरीचं पाहा." सिस्टरनी हात धरून बसवलंच. आईचं हिमोग्लोबिन ८.१ निघालं. बस सुटायला वीस मिनिटं होती. ती म्हणाली, पुढच्या बुधवारी येते. मी माझ्या वहीत मुलीच्या नावाखाली पट्टीने आणखी एक ओळ आखली.