बाई हरली, असं म्हणण्याआधी

२०२४ च्या नोव्हेंबरात कमला हॅरिस हरल्या, त्या आठवड्यात आमच्या गटाच्या बैठकीत ठरलेले विषय बाजूला पडले आणि तासभर अमेरिकाच चालली. 'तिकडे बाई चालत नाही बघा', 'आपल्याकडे इंदिराबाई १९६६ सालीच पंतप्रधान झाल्या', असं बरंच काही. खोटं कशाला सांगू, बोलणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या आवाजात थोडं समाधानही होतं. २०१६ साली हिलरी क्लिंटन हरल्या तेव्हाही हेच ऐकलं होतं. पुरुषप्रधानता तिथे आहेच, कशी नसेल? पण मैत्रिणींनो, हे दोन पराभव एकसारखे नाहीत. 'बाई हरली' एवढ्यावरच आपण थांबलो, तर पुढे तिथल्या बायकांचं जे नुकसान झालं ते कुठल्या वाटेने झालं, हे आपल्याला कळणारच नाही.

हिलरींना २०१६ मध्ये ६ कोटी ५८ लाख मतं मिळाली, डोनाल्ड ट्रंप यांना ६ कोटी ३० लाखांच्या आसपास. अठ्ठावीस लाखांहून जास्त मतांची आघाडी! तरी राष्ट्राध्यक्ष ट्रंप झाले. २०२४ मध्ये मात्र हॅरिस यांना मतंच कमी पडली, साधारण ७ कोटी ५० लाख. ट्रंप यांना ७ कोटी ७३ लाख. तेव्हा 'अमेरिकेने बाई नाकारली' हे हॅरिस यांच्याबद्दल वादासाठी तरी म्हणता येईल, हिलरींबद्दल तेही म्हणता येत नाही.

असं होतं कसं? अमेरिकन मतदार राष्ट्राध्यक्षाला थेट निवडतच नाही. प्रत्येक राज्यातून काही निर्वाचक निवडले जातात, राजधानी वॉशिंग्टनचे ३ धरून एकूण ५३८. त्यातले २७० ज्याच्याकडे, तो जिंकला. यालाच इलेक्टोरल कॉलेज म्हणतात. राज्याचे प्रतिनिधीगृहात जितके सदस्य, अधिक सिनेटचे दोन, तितके त्याचे निर्वाचक. प्रतिनिधीगृहातल्या जागा लोकसंख्येनुसार असतात, पण सिनेटचे दोन सगळ्यांना सारखेच, राज्य केवढंही असो. त्यामुळे पावणेसहा लाख वस्तीच्या वायोमिंगला ३ निर्वाचक, आणि चार कोटींच्या जवळ पोचलेल्या कॅलिफोर्नियाला ५४. भागाकार करून बघा. वायोमिंगात दोन लाखांहून कमी माणसांमागे एक निर्वाचक येतो, कॅलिफोर्नियात सात लाखांहून जास्त माणसांमागे एक. (याच वायोमिंगने १८६९ साली, ते अजून राज्यही झालेलं नव्हतं तेव्हा, बायकांना मताधिकार दिला होता. संपूर्ण देशासाठी तसा कायदा व्हायला १९२० उजाडलं.)

शिवाय मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं सोडली, तर बाकी ४८ राज्यांत ज्याला जास्त मतं त्याला त्या राज्याचे सगळेच्या सगळे निर्वाचक. टेक्सासमधल्या डेमोक्रॅट बाईचं मत आणि कॅलिफोर्नियातल्या रिपब्लिकन बाईचं मत, दोन्ही राज्याच्या सीमेवरच अडकतात. उमेदवारही मग त्यांच्याकडे कशाला फिरकतील? २०२४ चा सारा धुरळा पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया अशा सातच राज्यांत उडाला.

ही व्यवस्था १७८७ मध्ये घटना लिहिताना ठरली. दक्षिणेतल्या राज्यांत गुलामांची संख्या मोठी, आणि त्यांना मत देण्याचा प्रश्नच नव्हता. पण राज्याच्या जागा ठरवताना मात्र दर पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असा हिशेब धरला गेला. जागा वाढल्या की निर्वाचक वाढले, आणि त्याचा फायदा गुलामांच्या मालकांना झाला. स्वतंत्र म्हणवणाऱ्या गोऱ्या बायकाही या शिरगणतीत होत्या, पूर्ण एक-एक माणूस म्हणून. मत देताना त्याही नव्हत्या. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामगिरी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. गुलामगिरी गेली, पण तिच्या सोयीने बेतलेला निर्वाचकांचा सांगाडा तसाच राहिला.

आता हिलरींच्या पराभवाचं पुढे काय झालं ते पाहा. ट्रंप यांनी पहिल्या चार वर्षांत सर्वोच्च न्यायालयात तीन न्यायमूर्ती नेमले. या नेमणुकांना मंजुरी कोण देतं? सिनेट, जिथे वायोमिंगचे दोन आणि कॅलिफोर्नियाचेही दोनच. २४ जून २०२२ रोजी त्या न्यायालयाने गर्भपाताच्या हक्काचा १९७३ चा निकाल मोडीत काढला. मोडीत काढणाऱ्या पाचजणांत हे तिघे होते, आणि त्या तिघांत एक बाई होती, एमी कोनी बॅरेट. एकट्या बाईला वरच्या खुर्चीवर बसवलं की काम झालं असं मानणाऱ्यांनी या नावापाशी जरा थांबावं. ज्या हक्काच्या भरवशावर दोन पिढ्या वाढल्या तो गेला, आणि तो ज्यांनी घालवला त्यांना नेमणारा माणूस पहिल्यांदा निवडून आला तेव्हा देशभरात कमी मतं मिळवून आला होता.

लोकांना थेट विचारलं असतं तर? काही राज्यांत विचारलं गेलं, आणि मला सगळ्यात बोलकी वाटते ती ही गोष्ट. कॅन्सस हे पक्कं रिपब्लिकन राज्य. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्यघटनेतून गर्भपाताचा हक्क काढून टाकायचा का, यावर तिथे मतदान झालं आणि सुमारे ५९ टक्के मतदारांनी 'नाही' म्हटलं. मिसूरीत नोव्हेंबर २०२४ मध्ये, एकाच दिवशी, एकाच मतपत्रिकेवर, बहुमताने गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घातला आणि बहुमताने ट्रंप यांनाही निवडलं. फ्लोरिडात ५७ टक्के हक्काच्या बाजूने होते, तरी ठराव पडला, कारण तिथे ६० टक्क्यांची अट आहे. आणि टेक्सासच्या बायकांना तर हा प्रश्न विचारण्याची सोयच नाही. नागरिकांनी सह्या गोळा करून राज्यभर मतदान घडवून आणण्याची तरतूद तिथल्या घटनेत नाही.

म्हणजे प्रश्न सुटा विचारला की बायकांच्या बाजूने उत्तर येऊ शकतं, पण तोच प्रश्न पक्षाच्या मोटेत कर, बंदुका, सरहद्द, चर्च, महागाई यांच्याबरोबर बांधून आला की उत्तर बदलतं. आणि मोटा दोनच. तिसरी का उभी राहत नाही? आपल्यासारखीच, जास्त मतं त्याची जागा अशी पद्धत आहे, त्यामुळे तिसऱ्याला मतं मिळतात पण जागा मिळत नाहीत, आणि जवळच्याचं नुकसान मात्र होतं. २००० साली फ्लोरिडात राल्फ नेडर यांना सत्त्याण्णव हजारांवर मतं पडली. बुश तिथे ५३७ मतांनी जिंकले, आणि त्याबरोबर देशही. त्या वेळी नेडर यांना मत दिलेल्या स्त्रीवाद्यांना पुढे किती ऐकून घ्यावं लागलं असेल!

हे दोन पक्ष म्हणजे बायकांचा एक मित्र आणि एक शत्रू, असंही कायमचं नव्हतं. अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून आलेली पहिली बाई, मोंटानाच्या जनेट रँकिन, १९१६ साली रिपब्लिकन पक्षाकडून आली. स्त्री-पुरुष समान हक्कांच्या घटनादुरुस्तीला रिपब्लिकन पक्षाने आपल्या जाहीरनाम्यात १९४० मध्येच पाठिंबा दिला, डेमोक्रॅटांनी १९४४ मध्ये. १९८० साली रिपब्लिकनांनी तो काढून घेतला. मधल्या काळात फिलिस श्लाफ्ली नावाच्या बाईने घरोघरच्या गृहिणींना या दुरुस्तीविरुद्ध उभं केलं होतं, आणि १९८२ ची मुदत संपली तेव्हा लागणाऱ्या ३८ राज्यांपैकी ३५ चीच संमती हाती होती.

पक्षाच्या तिकिटाची गोष्ट मात्र आपल्याहून वेगळी आहे. तिथे हायकमांड यादी जाहीर करत नाही. पक्षाचा उमेदवार मतदारच प्राथमिक निवडणुकीत ठरवतात. बऱ्याच राज्यांत तर मतदार नोंदणी करतानाच आपण कुठल्या पक्षाच्या ते लिहून द्यायचं असतं, सरकारी यादीत! मला हे ऐकून आधी दचकायलाच झालं. यातून शर्ली चिझम यांच्यासारखी कृष्णवर्णीय बाई १९७२ साली कुणाची परवानगी न मागता डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी उभी राहू शकली. हरली, पण अधिवेशनात दीडशेच्या वर प्रतिनिधींची मतं घेऊन. काळी असण्यापेक्षा बाई असण्याचा अडथळा मोठा ठरला, असं त्या नंतर म्हणाल्या. पण या प्राथमिक फेरीला येतात थोडे, आणि येतात ते कट्टर. शिवाय प्रचाराचा पैसा जिचा तिने उभा करायचा. तेव्हा दार उघडं आहे हे खरं, तरी आत शिरायला काय लागतं तेही बघायला हवं. राखीव जागांचा तिथे कुणी विचारही करत नाही. काँग्रेसमध्ये बायका चौथ्या हिश्शाहून थोड्याच जास्त आहेत.

आणि या सगळ्याच्या आधी मतदारयादी. तिथे देशाचा निवडणूक आयोग मतदान घेत नाही. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, काम जिल्ह्याजिल्ह्यातून चालतं, आणि आपलं नाव यादीत घालणं ही बहुतेक ठिकाणी मतदाराचीच जबाबदारी. मतदान नोव्हेंबरातल्या मंगळवारी, १८४५ च्या कायद्याने. देशभर सुट्टी नाही. आधी किंवा टपालाने मत देण्याची सोय काही राज्यांत भरपूर, काहींत नावापुरती.

नाव नोंदवणं म्हणजे काय हे फॅनी लू हेमर यांना विचारायला हवं होतं. मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यावर राबणारी ही ४४ वर्षांची काळी बाई. १९६२ च्या ऑगस्टमध्ये ती नाव नोंदवायला गेली, तर राज्यघटनेतलं एक कलम पुढे ठेवून त्याचा अर्थ लिहायला सांगितला. नापास केलं. घरी परतली, तर मळेवाल्याने सांगितलं, अर्ज मागे घे नाहीतर जा. अठरा वर्षं तिथे काम केलं होतं. ती त्याच रात्री निघाली. पुढच्या वर्षी तुरुंगात तिला अमानुष मारलं. १९६४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात ती हे सांगायला उभी राहिली, तेव्हा टीव्हीचे कॅमेरे तिच्यावरून हलावेत म्हणून त्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घाईघाईने पत्रकार परिषद बोलावली. १९२० ची घटनादुरुस्ती तिच्यापर्यंत पोचली ती १९६५ च्या मताधिकार कायद्याने. त्या कायद्यातला महत्त्वाचा भाग, म्हणजे जुन्या अन्यायी राज्यांना मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यायला लावणारा, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निकामी केला.

एप्रिल २०२५ मध्ये प्रतिनिधीगृहाने आणखी एक विधेयक मंजूर केलं: मतदार नोंदणीला नागरिकत्वाचा कागद हवा, पासपोर्ट किंवा ओळखपत्रासोबत जन्मदाखला. ऐकायला वावगं काही नाही. पण लग्नानंतर आडनाव बदललेल्या कोट्यवधी बायकांचा जन्मदाखला एका नावाचा आणि ओळखपत्र दुसऱ्याच नावाचं. ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहून पहिलं नावसुद्धा बदलणाऱ्या आपल्याला ही अडचण समजावून सांगायला नको. न्यू जर्सीत जन्मलेल्या आणि नवऱ्याचं आडनाव लावणाऱ्या मराठी घरातल्या मुलीकडे पासपोर्ट नसेल, तर तिला लग्नाचा दाखलाही शोधून न्यावा लागणार. तिच्या नवऱ्याला यातलं काहीच करावं लागत नाही. विधेयकाचं पुढे जे व्हायचं ते होवो. मताधिकार मिळाला त्याच १९२० साली बायकांनी 'लीग ऑफ विमेन व्होटर्स' ही संघटना काढली होती, नव्या मतदार बायकांना मत कसं द्यायचं ते शिकवायला. ती आजही गावोगाव टेबल मांडून नोंदणीचे फॉर्म भरून घेते आहे.